माहिती देणाऱ्याचे नाते

१

माणूस दारातून आत येऊन खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर डॉक्टरांनी त्याला अर्धाअधिक निकालात काढलेलं असायचं. खुर्ची मागे ओढून बसला तर भित्रा, पुढे ओढून बसला तर लोचट. आणि "बसू का?" असं विचारून बसला तर मग बोलायलाच नको, तो जन्मभर कुणाच्या तरी परवानगीने जगलेला. मनोरुग्णांच्या विभागात पंचवीस वर्षं काढली की माणसाच्या अंगात दया तरी मुरते नाहीतर तुच्छता तरी. डॉक्टरांच्या अंगात काय मुरलं होतं हे विभागातल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं.

त्यांचं काम तसं सरळ होतं. नव्या रुग्णाचं निदान पक्कं करण्याआधी, तो स्वतःच्याच मनापासून काय लपवतो आणि कसं लपवतो हे मोजावं लागतं. पुस्तकात त्याला संरक्षण यंत्रणा म्हणतात. मनाला लागू नये म्हणून मनानेच घातलेली कुंपणं. एक जण घडलेली गोष्ट घडलीच नाही म्हणतो. दुसरा स्वतःचा दोष शेजाऱ्याच्या माथी मारतो. तिसरा साहेबावरचा राग घरी जाऊन भांड्यांवर काढतो. हे सगळं मोजायला डॉक्टरांनी स्वतः एक तक्ता बनवला होता. त्यात वीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे शून्य ते तीन असा आकडा लिहायची सोय. पहिलीच ओळ होती 'नकार'. विभागात सगळे त्या तक्त्याला बचावपत्रक म्हणायचे आणि डॉक्टरांना, अर्थात पाठीमागे, फूटपट्टी. हे नाव डॉक्टरांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं.

त्यांच्या हाताखाली दोन वर्षं धाकट्या डॉक्टर शिकत होत्या. वयाने काही फार धाकट्या नव्हत्या, चाळिशीला आलेल्या. पण डॉक्टरांसमोर सगळेच धाकटे.

"अहो, रुग्ण सांगतो ते डावीकडे लिहायचं, नातेवाईक सांगतो ते उजवीकडे," डॉक्टर त्यांना समजवायचे. "दोन्हींत जेवढं अंतर, तेवढा आकडा. इतकं सोपं आहे, तुम्हालासुद्धा जमेल."

"पण सर, नातेवाईकच चुकीचं सांगत असेल तर?"

"नातेवाइकाला काय पडलंय? पेशंट तो नाही. त्याच्याकडे बघत वेळ घालवू नका. आणि एक कायम लक्षात ठेवा. माणूस जितक्या ठामपणे नाही म्हणेल, तितका आकडा वर. ओरडून नाही म्हणाला की डोळे मिटून तीन."

धाकट्या डॉक्टर हे वहीत उतरवून घ्यायच्या. तेवढं एक त्यांना बरं जमतं, असं डॉक्टरांचं मत होतं.

वीसच्या वीस ओळींत शून्य असलेला माणूस म्हणजे निरोगी माणूस, हे ते प्रत्येक व्याख्यानात सांगायचे. कुंपणं भेकडांना लागतात. असा शून्याचा माणूस त्यांना अजून भेटला नव्हता. स्वतःचं पत्रक त्यांनी एकदा भरून पाहिलं होतं. बेरीज दोन आली. तेही दोन त्यांनी आपला प्रामाणिकपणा दिसावा म्हणून घातले होते.

पत्रकाच्या अगदी वर, रुग्णाच्या माहितीखाली, एक छोटी चौकट होती: 'माहिती देणाऱ्याचे नाते'. ती नातेवाइकाने स्वतः भरायची असा नियम होता. पण लोक त्या चौकटीत निबंध लिहीत बसतात म्हणून डॉक्टर ती स्वतःच भरून टाकायचे, समोरच्याकडे एक नजर टाकून, अंदाजाने. रिकामी मात्र कधी ठेवायची नाही, असं ते शिकवायचे. अंदाज चुकल्याची तक्रार कधी कुणी केली नव्हती.

२

चष्मेवाला आला तो मंगळवारी सकाळी साडेदहाला. पन्नाशीचा, नीटनेटका, स्वतःचं चष्म्यांचं दुकान असलेला माणूस. खुर्ची मागे ओढली नाही, पुढे ओढली नाही, होती तिथे बसला. डॉक्टरांना याचा थोडा रागच आला. तक्रार अशी की तीन महिने धड झोप नाही.

त्याच्या मागोमाग एक बाई आत आल्या आणि भिंतीशी ठेवलेल्या नातेवाइकाच्या खुर्चीत बसल्या. करडे कपडे, मांडीवर पर्स, डोळ्यांवर मोठ्या काचांचा चष्मा. अशा बाया विभागात दिवसाला दहा यायच्या.

"तुम्ही यांच्या..." डॉक्टरांनी पेनचं टोपण काढत विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी चौकटीत 'पत्नी' लिहिलं.

चष्मेवाल्याने वळून मागे पाहिलं. "या कोण?"

"तुमची बायको."

"माझं लग्न झालेलं नाही, डॉक्टरसाहेब."

बाईंनी मान किंचित खाली घातली. बायकोला न ओळखणारे नवरे डॉक्टरांना नवीन नव्हते. त्यासाठी मनोरुग्ण असावं लागतं असंही नाही. त्यांनी पत्रक पुढे ओढलं आणि बाईंना विचारलं, "हे असं कधीपासून? झोप गेल्यापासूनच ना?"

"झोप गेल्यापासून."

"काही खटका उडाला होता?"

"उडाला होता."

"घरातून निघून जा म्हणाले असतील."

"म्हणाले."

डॉक्टर भराभर उजवीकडे लिहीत गेले. बहुतेक नातेवाईक फुटलेल्या नळासारखे बोलतात. इतकं नेमकं उत्तर देणारी बाई मिळणं म्हणजे नशीबच.

"डॉक्टरसाहेब, विचारताय तुम्ही आणि सांगताय पण तुम्हीच," चष्मेवाला म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "त्या फक्त तुमचे शेवटचे शब्द परत म्हणतायत. मला ही बाई आज सकाळी बाहेरच्या बाकावर भेटली. तुमच्याबरोबर कुणी आलंय का, एवढं तिने विचारलं. मी नाही म्हणालो. संपलं."

अकरावी ओळ, दुसऱ्यावर खापर: दोन. आणि नकार: दोन. डॉक्टरांनी नकाराच्या दोनाखाली टिंब दिलं. आकडा अजून वाढणार असं वाटलं की ते टिंब द्यायचे.

"मी तीस वर्षं काचा घासतोय," तो पुढे म्हणाला. "तुम्ही कागद लांब धरताय, तुमचा जवळचा नंबर वाढलाय. हे मला इथे बसून कळतं. तसंच यांच्या चष्म्याला नंबरच नाही हेही कळतं. नंबर असता तर काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसली असती. ही साधी खिडकीची काच आहे. आणि तिच्यात..."

तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "तिच्यात माझं स्वयंपाकघर दिसतंय."

डॉक्टर मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी बाईंकडे पाहिलंही. काचांवर निळसर चमक होती. खिडकीचा उजेड, दुसरं काय असणार.

"निळ्या फरशा आहेत माझ्याकडे," चष्मेवाला म्हणाला. "सकाळचा कप ओट्यावर तसाच ठेवून आलोय. तो कपसुद्धा आहे तिथे. मी इथे आणि ती माझ्या घरात उभी असल्यासारखं."

"बरं. अजून काही?"

आता त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "मला काय म्हणायचं ते म्हणा. वेडा लिहा, भ्रमिष्ट लिहा. फक्त त्या चौकटीतलं खोडा. जागा रिकामी ठेवा, एवढीच विनंती आहे. माझ्या घराला एकच किल्ली आहे आणि ती माझ्याकडे आहे. तुम्ही शिक्का मारून लिहून दिलंत की ही माझी बायको, तर उद्या मी कुणाच्या दारात जाऊन नाही म्हणू? जो तो तुमचा कागद दाखवेल. नाही! ही माझी कुणी नाही!"

शेवटचं वाक्य ओरडून आलं. डॉक्टरांनी टिंब असलेल्या दोनाचा तीन केला.

शेवटी सल्ल्याच्या जागी त्यांनी लिहिलं: रुग्णास एकटे ठेवू नये, पत्नीने सतत सोबत राहावे. बाईंनी खाली सही केली. सही म्हणजे नुसती एक आडवी रेघ, टोकाला खाली वळलेली. मग त्यांनी चष्मेवाल्यापुढे तळहात धरला.

"किल्ली," त्या म्हणाल्या. त्या खोलीत स्वतःहून बोललेला त्यांचा हा एवढा एकच शब्द.

चष्मेवाल्याने डॉक्टरांकडे पाहिलं. "द्या की," डॉक्टर म्हणाले. "बायकोला किल्ली द्यायला काय लाजता?"

त्याने दिली.

३

संध्याकाळी कागद लावताना डॉक्टरांना चष्मेवाल्याच्या घरच्या डॉक्टरची चिठ्ठी सापडली. ती सकाळपासून फायलीतच होती, वाचायची राहून गेली होती. चार ओळींची चिठ्ठी, त्यातली दुसरी ओळ: 'अविवाहित, एकटा राहतो.'

डॉक्टरांनी नाक मुरडलं. हे गल्लीबोळातले डॉक्टर रुग्ण सांगेल ते उतरवून घेतात. त्याने अविवाहित सांगितलं, यांनी अविवाहित लिहिलं. म्हणजे नकार तिथपासूनच सुरू होता, उलट निदानाला दुजोराच मिळाला. चिठ्ठी टाचणीने मागे लावून ते मोकळे झाले.

उठताना त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. खोलीला ती एकच खिडकी होती आणि ती जिन्याच्या करड्या भिंतीवर उघडायची. तिथून आकाश दिसत नव्हतं. खोलीच्या भिंती पिवळट, पडदे तपकिरी, टेबल काळं. त्यांनी शर्ट पाहिला, पांढरा होता. टेबलावरची फाईल उचलून पाहिली, ती गुलाबी होती. निळं काही सापडेना. शेवटी त्यांना आठवलं की दारातून एखादी नर्स गेली असेल, नर्सच्या गणवेशाला निळी किनार असते, आणि त्यांचं समाधान झालं. पटेल असं कारण सापडेपर्यंत शोधत राहणं, याला तक्त्यात चौथी ओळ आहे. पण तक्ता रुग्णांसाठी असतो.

मग ते घरी गेले. डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. लग्न केलं नव्हतं, भावंड नव्हतं, आईवडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. दारातून आत शिरलं की अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला स्टुलावर हिरव्या काचेच्या टोपीचा दिवा, पलीकडे वाचायची खुर्ची. घरात आपल्याशिवाय कुणाचा श्वास नाही, हे डॉक्टरांचं आयुष्यातलं एकमेव सुख होतं. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून आल्यावर ते दार लावत, कडी घालत आणि मिनिटभर त्या शांततेत नुसते उभे राहत. पुन्हा बाहेर पडताना दिवा विझवल्याची दोनदा खात्री करत. त्या घरासाठी त्यांनी माणसं तोडली होती आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं.

४

फेरतपासण्या डॉक्टर कधीच करत नसत. बऱ्या झालेल्या माणसात त्यांना रस नव्हता, ते काम धाकट्या डॉक्टरांचं. पण दीड महिन्याने चष्मेवाल्याची तारीख आली तेव्हा धाकट्या डॉक्टर दुपारपर्यंत रजेवर होत्या.

तो एकटाच आला. दाराशी उभा राहिला.

"बसा."

बसला. त्याचा स्वतःचा चष्मा नाकावर तिरका होता, एक दांडी कानामागे गेलेलीच नव्हती. त्याने ती नीट केली नाही.

"बायको नाही आली?"

"आता गरज नाही. घरचं दार उघडंच असतं."

"म्हणजे लग्न झालंय तुमचं?"

"तुम्ही लिहिलंय ना."

डॉक्टरांनी नवं पत्रक घेतलं. नकारापुढे शून्य लिहिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग दुसरी ओळ, तिसरी ओळ. नेहमीचे डिवचणारे प्रश्न त्यांनी एकापाठोपाठ एक टाकले. असे प्रश्न आले की माणूस हटकून कुंपणामागे पळतो.

"धंद्यात लोकांना फसवलंत कधी?"

"फसवलं. साध्या काचा भारी म्हणून विकल्या. अठ्ठेचाळीस जणांना."

"आई कशी गेली?"

"हाका मारत होती. मी बाहेरच्या खोलीत होतो. ऐकू येत होतं. उठलो नाही."

हे सांगताना त्याने नजर वळवली नाही, आवंढा गिळला नाही, घराचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. डॉक्टरांनी शून्य लिहिलं. मग मुद्दाम म्हणाले, "तुम्ही एक टाकाऊ माणूस आहात."

"हो."

शून्य. शून्य. कागदावर वीस शून्यं एकाखाली एक उभी राहिली. ज्याच्याबद्दल डॉक्टरांनी आयुष्यभर व्याख्यानं दिली तो निरोगी माणूस अखेर त्यांच्यासमोर बसला होता. आणि डॉक्टरांना आपली खुर्ची मागे सरकवावीशी वाटत होती. सरकवलीच त्यांनी, बोटभर.

"आता झोप लागते?"

"नाही."

"मग त्रास काय होतो?"

"भीती वाटते."

"कधी?"

"सारखी. आत्ताही."

त्याचा चेहरा जसाच्या तसा होता. हात मांडीवर पालथे पडलेले. डॉक्टरांना विचारायचं नव्हतं, पण सवयीने तोंडातून गेलं, "कशाची?"

"सगळ्याची," चष्मेवाला म्हणाला. "हे टेबल. तुमचा आवाज. माझे हात. सगळं थेट आत येतं, मधे काही उरलेलंच नाही ना आता. तिने एकेक करून काढून घेतलं. ती काही करत नाही, डॉक्टरसाहेब. नुसती समोर बसते आणि आपण जे नाही म्हणू ते परत म्हणते."

बाहेर कुणीतरी बाक सरकवला. चष्मेवाला त्या आवाजाने दचकलासुद्धा नाही, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याने ते पुसलं नाही.

५

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर डॉक्टर फायलींच्या खोलीत उतरले. तिथे एक म्हातारे कारकून होते, सगळे त्यांना फायलीवाले काका म्हणायचे. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या नकारापुढे तीन आहेत अशा फायली काढा, असं डॉक्टरांनी फर्मावलं. चष्मेवाल्याची सोडून सव्वीस निघाल्या. त्यातल्या अकरांवर खाली तीच सही होती. आडवी रेघ, टोकाला खाली वळलेली.

वरच्या चौकटीत प्रत्येक ठिकाणी वेगळं नातं होतं. आई, मावशी, पत्नी, मोठी बहीण, पत्नी, सून. एकाच बाईच्या सहीवर आई आणि सून दोन्ही. आणि अकराच्या अकरा ठिकाणी अक्षर डॉक्टरांचं स्वतःचं. प्रत्येकामागे धाकट्या डॉक्टरांचं फेरतपासणीचं पत्रक लावलेलं होतं, त्यावर वीस शून्यं आणि खाली सुबक अक्षरात 'उत्तम सुधारणा'.

त्या अकरांपैकी एकही चेहरा डॉक्टरांना आठवेना. बाईंचा तर नाहीच. करडे कपडे आठवले, चष्मा आठवला. चष्म्याखाली काय होतं?

"त्या बाई ना?" फायलीवाले काका डब्याचं झाकण लावत म्हणाले. "नेहमी येतात की. सकाळी बाहेरच्या बाकावर असतात. आम्हाला आपलं वाटायचं, तुमच्याच कुणीतरी असतील."

"माझ्या? माझ्या कशा असतील?" डॉक्टर इतक्या जोरात खेकसले की काकांच्या हातून झाकण निसटलं.

चार वाजता धाकट्या डॉक्टर रजेवरून कामावर हजर झाल्या, तर डॉक्टरांनी अकरा फायली त्यांच्यापुढे आदळल्या. "डोळे फुटले होते का तुमचे? ही एकच बाई आहे! अकरा घरांत शिरलीय ती, आणि तुम्ही उत्तम सुधारणा लिहिताय!"

धाकट्या डॉक्टरांनी फायली शांतपणे उलटून पाहिल्या. "सर, चौकटीतली नाती तर तुम्हीच लिहिलीयत."

"म्हणून काय झालं? तिने मला लिहायला लावलं!"

"कसं? काय म्हणाल्या त्या?"

डॉक्टरांनी तो मंगळवार आठवून पाहिला. ती काहीच म्हणाली नव्हती.

"तुम्ही त्यांना नीट पाहिलंत का?"

"मी नातेवाइकांकडे बघत नाही!"

"तेच," धाकट्या डॉक्टर मऊ आवाजात म्हणाल्या. हा आवाज डॉक्टरांच्या ओळखीचा होता. रुग्णांशी बोलताना वापरा म्हणून त्यांनीच तो शिकवला होता. "सर, तुम्ही झोपता का हल्ली? घरी कुणी असतं का तुमच्याजवळ?"

"कुणी नसतं! आणि मला कुणी नकोय!"

धाकट्या डॉक्टरांनी वही उघडून काहीतरी टिपून घेतलं. डॉक्टरांनी चष्मेवाल्याची फाईल ओढली, चौकटीतला 'पत्नी' शब्द कागद फाटेस्तोवर खोडला आणि पेन टेबलावर फेकलं. उद्या सकाळी त्या बाकावर तिला गाठायची, सगळ्यांदेखत नाव विचारायचं आणि रखवालदाराकरवी बाहेर काढायची, असं ठरवून ते घरी गेले. एका करड्या बाईला घाबरायला ते काही चष्मेवाले नव्हते. तरी त्या संध्याकाळी त्यांनी कडी दोनदा तपासली.

६

सकाळी बाक रिकामा होता.

डॉक्टरांना हसू आलं. पळाली. असली माणसं कुणी खरंच समोर उभं राहिलं की शेपूट घालतात. उगाच एका डोकं फिरलेल्या चष्मेवाल्याच्या नादी लागून आपण काल कारकुनासमोर तमाशा केला, याची त्यांना लाज वाटली. धाकट्या डॉक्टरांना दोन शब्द सुनवायचे असं ठरवत त्यांनी आपल्या खोलीचं दार ढकललं.

धाकट्या डॉक्टर त्यांच्या जागेवर बसल्या होत्या. समोर कोरं पत्रक होतं. भिंतीशी, नातेवाइकाच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन बाई बसल्या होत्या. खोलीत एकच खुर्ची रिकामी होती.

"या सर," धाकट्या डॉक्टर उठून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखरची काळजी होती. "रागावू नका. तुमच्या घरून आल्यात या. बसा ना."

डॉक्टर बसले नाहीत. "अहो, हीच ती! हीच ती बाई! माझ्या घरी कुणी नाही, तुम्हाला ठाऊक आहे!"

"तुम्ही सांगितलंत तेवढं ठाऊक आहे, सर." त्यांनी बाईंकडे वळून विचारलं, "हे बरेच दिवस चाललंय का?"

"बरेच दिवस."

"घरात कुणाला येऊ देत नाहीत?"

"येऊ देत नाहीत."

"ऐका, ऐका ती काय करतेय!" डॉक्टर ओरडले. "तुमचेच शब्द परत म्हणतेय!" आणि म्हणता म्हणताच त्यांना अकरावी ओळ दिसली. धाकट्या डॉक्टरांचं पेन त्या ओळीवर गेलं होतं. मग त्यांनी आवाज खाली आणला. काचांचं सांगितलं, नंबर नसल्याचं सांगितलं, सह्यांचं, अकरा फायलींचं, सगळं क्रमवार, मुद्देसूद. पेन चौथ्या ओळीवर आलं. ते हसले, तिथेही एक ओळ होती. ते गप्प झाले. गप्प बसण्याचीही एक ओळ होती, सातवी. ती घालताना किती हुशारी वाटली होती त्यांना. माणूस कुठूनही निसटू नये म्हणून त्यांनी स्वतः वीस दारं बंद केली होती.

ते कधी बसले ते त्यांना कळलं नाही. बसताना त्यांनी खुर्ची मागे ओढली होती.

"नातं काय लिहू?" धाकट्या डॉक्टरांनी बाईंना विचारलं.

बाईंनी मान किंचित खाली घातली.

"रिकामं ठेवा," डॉक्टर म्हणाले. "ती जागा रिकामी ठेवा. एवढंच करा. मी तुमच्या पाया पडतो."

दोन वर्षांत त्यांनी धाकट्या डॉक्टरांशी असं बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं, आणि धाकट्या डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण चौकट रिकामी ठेवायची नाही हे त्यांनी वहीत उतरवून घेतलेलं होतं. त्यांनी बाईंकडे एक नजर टाकली आणि अंदाजाने एक शब्द लिहिला. मग नकारापुढे आकडा घातला. उलट्या बाजूने वाचायची डॉक्टरांना सवय होती. दोन. आपल्या गुरूला तीन द्यायला त्यांचा हात धजला नव्हता.

"चूक आहे!" डॉक्टर किंचाळले. "साफ चूक आहे हे! ही माझी कुणी नाही!"

"बरोबर आहे, सर," धाकट्या डॉक्टर हळूच म्हणाल्या. त्यांनी दोन खोडला आणि तीन केला.

बाईंनी पुढे वाकून सही केली. वाकल्यामुळे त्यांचा चेहरा पहिल्यांदाच टेबलाच्या दिव्याच्या उजेडात आला, आणि डॉक्टरांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एका नातेवाइकाकडे नीट पाहिलं. काचांच्या मागे डोळे आहेत का हे त्यांना दिसलं नाही. काचांत एक अरुंद बोळ होता. बोळाच्या टोकाला स्टुलावर हिरव्या टोपीचा दिवा होता. निघताना तो विझवल्याची त्यांनी दोनदा खात्री केली होती, आणि तो लागलेला होता. पलीकडे वाचायची खुर्ची होती, आणि तिच्यात कुणीतरी मांडीवर पालथे हात ठेवून बसलेलं होतं.

डॉक्टरांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच घट्ट मिटला.

बाई उठल्या. त्यांनी डॉक्टरांची बॅग उचलली, पण तळहात पुढे केला नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दार उघडंच ठेवून आलेय."